माळ्यावरच्या १६ कॅसेटी: हँडीकॅमचं जुनं शूटिंग कॉम्प्युटरवर आणण्याचं एक सोलापुरी प्रकरण

हे प्रकरण मागच्या उन्हाळ्यातलं आहे. घरच्यांना विचारूनच लिहितोय, नावं आणि पेठ मुद्दाम घातलेली नाही. माझं काम तसं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं, नवी पेठेच्या मागं एक खोली आहे, पण गेली काही वर्षं जुन्या कॅसेटी घेऊन येणारे वाढलेत म्हणून तेही करतो. ह्या कामात दोन निर्णय चुकले, एक घरच्यांचा आणि एक माझा, शिवाय एका ठिकाणी मी चुकीचा सल्ला दिला होता जो त्यांनी सुदैवानं ऐकला नाही. म्हणून जसं घडलं तसं क्रमानं मांडतोय.

पार्श्वभूमी

घर पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातलं, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. वडिलांना सगळे नान्ना म्हणायचे, त्यांचे चादरीचे आठ माग होते, घराच्या मागच्या बाजूला. १९९३ साली जावई दुबईहून सुट्टीवर आले तेव्हा ८ मिलिमीटरचा हँडीकॅम घेऊन आले आणि परत जाताना तो इथंच ठेवून गेले. तेव्हापासून २००१ पर्यंत घरात जे जे झालं ते थोरल्या मुलानं शूट केलं, बारशी, गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथ, अक्कलकोटची वारी, आणि १९९४ मधे एकदा कारखान्यात कॅमेरा नेऊन नान्नांनी माग कसा चालतो ते स्वतः बोलून दाखवलं ते. पुढं कॅमेरा बिघडला, नान्ना २००३ ला गेले, कॅसेटी पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर गेल्या.

अम्मांना जूनमधे ७५ पूर्ण होणार होती. मुलांनी ठरवलं की हॉल घ्यायचा आणि जुन्या शूटिंगमधनं चाळीसेक मिनिटांची फिल्म करून लावायची. एप्रिलच्या शेवटी थोरला पेटी घेऊन आला आणि 'कारखाना ९४' असं निळ्या पेनानं लिहिलेली कॅसेट वेगळी काढून माझ्या हातात देत म्हणाला, "दादा, नान्नाचा आवाज एवढ्या एकाच ठिकाणी हाय बघा, दुसरीकडं कुठंच न्हाई, कसं बी करून काढून द्या." हाताशी पाच आठवडे होते.

पेटीत एकूण १६ कॅसेटी. सगळ्या ८ मिलिमीटरच्या, काही व्हिडिओ८ आणि काही नंतरच्या, जास्त बारकावा धरणाऱ्या हाय८. बहुतेकांवर पी५-९० छापलेलं, म्हणजे आपल्याकडच्या पॅल पद्धतीत ९० मिनिटं. एकीवर पी६-१२०, ती अमेरिकेतल्या चुलतभावानं १९९७ ला इथं येऊन स्वतःच्या कॅमेऱ्यावर काढलेली, म्हणजे तिकडच्या एनटीएससी पद्धतीची.

अडचण

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना वाटतं की पेनड्राइव्हसारखं कॉपी करायचं आहे. तसं नाहीये हे. अ‍ॅनालॉग कॅसेटमधे फाइल नसते, पट्टीवर सिग्नल असतो, तो वाजवतानाच पकडावा लागतो, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटं लागणारच. आणि कॉम्प्युटर कितीही भारी असला तरी वाजवणारं यंत्र जेवढं दाखवेल तेवढंच येणार. आमच्याकडं वाजवणारं यंत्रच नव्हतं. दुबईच्या कॅमेऱ्याचं झाकण उघडत नव्हतं, आतला पट्टा ओढायचा भाग अर्ध्यात अडकलेला, आणि त्या काळच्या बऱ्याच हँडीकॅममधे बोर्डावरचे छोटे कॅपॅसिटर वयानं गळतात, तसा आंबूस वास पण येत होता.

दुसरी अडचण पट्टीची. तीस वर्षांची पट्टी किती वेळा नीट वाजेल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून पहिल्यांदा वाजेल तेव्हाच ती नीट पकडली गेली पाहिजे, आधी वाजवून बघू आणि मग रेकॉर्डिंगचं बघू हा क्रम उलटा आहे, आणि नेमकं तेच आधी होऊन गेलं होतं.

माझ्याकडं येण्याआधी काय झालं

थोरल्याच्या मुलानं, बारावीतला पोरगा, हुशार आहे, मित्राच्या काकांचा जुना हँडीकॅम मागून आणला, ऑनलाइन एक स्वस्तातली यूएसबी कॅप्चर स्टिक मागवली आणि पिवळी-पांढरी-लाल वायर लावून सगळ्यात आधी 'कारखाना ९४' च लावली. घरच्यांचाच आग्रह होता की आधी नान्ना बघू, त्यामुळं त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

फाइल तयार झाली पण सुरुवातीला जुळणारा आवाज पुढं पुढं सरकत गेला, पन्नासाव्या मिनिटाला तर नान्नांचे ओठ आणि शब्द यांत सरळ पाच सेकंदांचं अंतर. ह्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पॅलमधे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे तासाला ९०,००० फ्रेम. जुन्या पट्टीचा सिग्नल डळमळीत असतो, स्वस्तातली स्टिक तो पकडताना मधेच एखादी फ्रेम सोडून देते, आवाज मात्र अखंड चालू राहतो. तासात १०० फ्रेम गळल्या तरी ४ सेकंदांचा फरक पडला. अमुक इतका आवाज मागं सरकवला की जुळलं असं मग होत नाही, कारण गळती एकसारखी नसते, जिथं पट्टी खराब तिथं जास्त.

आणि त्याहून वाईट म्हणजे बावन्नाव्या मिनिटाला थांबवून कॅसेट बाहेर काढताना पट्टी आतच गुंतून राहिली, झाकण उघडलं तेव्हा ती बाहेर लोंबत होती. पोरानं हळूच सोडवली, बोटानं चाकं फिरवून आत घेतली, पण वीतभर पट्टी चुरगळली ती चुरगळलीच.

मी ती फाइल बघितली आणि म्हणालो, ही काही कामाची नाही, डिलीट कर, आपण नव्यानं घेऊ. तो 'हो' म्हणाला पण त्यानं केली नाही. हा तो चुकीचा सल्ला, पुढं येईलच.

कुठले पर्याय होते

पहिला, दुबईचा कॅमेरा दुरुस्त करणं. असं काम करणारे एक जुने कारागीर माहीत आहेत, त्यांनी उघडून बघितला आणि स्पष्ट सांगितलं की कॅपॅसिटर बदलता येतील पण पार्ट मिळायला किती दिवस लागतील ते नक्की नाही. पाच आठवड्यांत हा धोका घ्यायचा नाही ठरलं.

दुसरा, पुण्या-मुंबईच्या लॅबला पाठवणं. मी स्वतः ह्या बाजूनं होतो, निदान कारखान्याच्या कॅसेटपुरतं तरी. पण अम्मांना ती पेटी कुरिअरनं जाणं पटेना, आणि मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असताना ते पार्सल कुठल्या गोडाउनात किंवा टेम्पोत किती तास तापेल हा विचार करून मीही मागं लागलो नाही.

तिसरा पर्याय जरा खोलात सांगतो. १९९९ साली सोनीनं डिजिटल८ आणलं, त्यात कॅसेट तीच ८ मिलिमीटरची पण आत नोंद डिजिटल, डीव्ही पद्धतीची. ह्यातले काही मॉडेल जुन्या अ‍ॅनालॉग कॅसेटीही वाजवतात, आणि वाजवता वाजवता आतल्या आत त्याचं डीव्ही करून फायरवायरच्या केबलनं कॉम्प्युटरला देतात. ह्यात मोठा फायदा असा की चित्र आणि आवाज एकाच धाग्यात बांधून येतात, त्यामुळं स्टिकसारखी सरकासरकी होत नाही, शिवाय बऱ्याच मॉडेलमधे टीबीसी असतो, म्हणजे डळमळणाऱ्या ओळी बाहेर सोडण्याआधी सरळ करणारी सोय. पण सगळेच डिजिटल८ अ‍ॅनालॉग वाजवत नाहीत, नंतरच्या काही स्वस्त मॉडेलमधनं ती सोय काढून टाकलेली, त्यामुळं विकत घ्यायच्या आधी वाजवून बघायलाच हवं. आणि कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक दिसलं म्हणून खूश होऊ नये, ते बहुतेक वेळा फोटो आणि बारीक चित्रासाठी असतं, पूर्ण दर्जाची टेप फायरवायरनंच येते.

चौथा, एस-व्हिडिओची वायर (चित्राचा उजेड आणि रंग वेगवेगळे नेणारी), चांगलं कॅप्चर कार्ड, वेगळा टीबीसी, आणि हफवाययूव्हीसारख्या पद्धतीत काहीही न गमावता रेकॉर्डिंग. दर्जाच्या दृष्टीनं हा सगळ्यात वरचा, कारण डीव्हीमधे रंगाची माहिती थोडी कमी होते. पण सामान नव्हतं, आणि व्हिडिओ८ च्या पट्टीवर मुळातच जेवढा बारकावा असतो तो बघता डीव्हीत जे जातं ते पडद्यावर शोधूनही सापडायचं नाही असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. हाय८ च्या कॅसेटींबद्दल मी एवढ्या खात्रीनं बोलणार नाही.

माझ्या ओळखीतल्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडं डिजिटल८ कपाटात पडून होता, त्यावर त्यानं कधीकाळी लग्नं केलेली. बॅटरी मेलेली पण अडॅप्टर चालू. जुन्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमधे फायरवायरचं कार्ड बसवलं, विंडोज १० ला त्याचा जुना लेगसी ड्रायव्हर वेगळा टाकावा लागला, ४ पिन ते ६ पिनची केबल दोन्ही यंत्रं बंद असताना जोडली कारण चालू असताना जोडून पोर्ट जळालेले मी बघितलेत, आणि कॅप्चरला विनडीव्ही नावाचं एवढंसं फुकटचं सॉफ्टवेअर.

फरशीची कॅसेट

आता पहिली कॅसेट कुठली लावायची? थोरल्याला विचारलं, ह्यातली कुठली गेली तरी चालेल? तो म्हणाला, एक आहे, वास्तुशांतीला कॅमेरा चालू करून खाली ठेवला आणि विसरलो, त्यात चाळीस मिनिटं नुसती फरशी आहे.

ती आमची चाचणीची कॅसेट झाली, आणि त्यापेक्षा चांगली मिळाली नसती, कारण शहाबादी फरशीचे जोड सरळ रेषेत असतात. पट्टीचा सिग्नल डळमळला की सरळ रेष लगेच वळवळते, चेहऱ्यावर ते एवढं कळत नाही. टीबीसी बंद ठेवून बघितलं तर फरशीचा उभा जोड पाण्यातल्या काठीसारखा हलत होता, मेनूतनं टीबीसी चालू केला आणि तो गपकन सरळ झाला. त्याच मेनूत नॉइज कमी करायची सोय होती, ती चालू केल्यावर फरशीवरनं जाणाऱ्या पायांच्या मागं भुतासारखी सावली राहायला लागली, म्हणून ती बंद. हे दोन्ही निर्णय फरशीवर झाले, नान्नांच्या कॅसेटवर करून बघायची वेळ आली नाही.

एक गोष्ट मात्र फरशीवरही माझ्या लक्षात आली नाही. डीव्हीला तासाला साधारण १३ जीबी लागतात. मी चाचणी फक्त दहा मिनिटं केली. रेकॉर्डिंग जात होतं एका जुन्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर, तो फॅट३२ मधे फॉरमॅट केलेला, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. पहिल्याच खऱ्या कॅसेटला विसाव्या मिनिटाच्या आसपास कॅप्चर बंद पडलं. मी चहा घ्यायला गेलो होतो, पट्टी पुढं चालत राहिली. परत मागं घेऊन पुन्हा वाजवावी लागली, ती कॅसेट मजबूत होती म्हणून निभावलं. ड्राइव्ह एनटीएफएस करून घेतला आणि तिथनं पुढं पूर्ण ९० मिनिटांची चाचणी केल्याशिवाय मी कुठलंच काम सुरू करत नाही.

कॅप्चर, आणि माझी चूक

काम रात्री नऊनंतर करायचो. दिवसा खोलीत कॅमेरा हाताला चटका बसेल इतका तापायचा, आणि लाइट जायची भीती रात्री कमी, तरी यूपीएस लावलेला होता. प्रत्येक कॅसेट आधी रेकॉर्डिंगचं लाल बटण सुरक्षित बाजूला सरकवून, मग एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं घ्यायची, वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली पट्टी त्यानं मोकळी होते. मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, मधे बंद न करता. काळा भाग आला, कोणी लेन्सवर हात ठेवलेला आला तरी चालू. काटायचं ते कॉम्प्युटरवर काटता येतं.

चार कॅसेटी छान झाल्या. पाचवी 'रथ' लावली, पंधरा-वीस मिनिटं रथ, लेझीम, गर्दी सगळं नीट, मग चित्रात बारीक पांढरे ठिपके, मग पट्टे, मग निळा पडदा. आणि आवाजही गेला. इथं ८ मिलिमीटरचं एक वैशिष्ट्य सांगायला हवं, व्हीएचएसमधे साधा आवाज पट्टीच्या कडेला वेगळ्या हेडनं, म्हणजे पट्टीवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या टोकानं, लिहिलेला असतो, म्हणून चित्र गेलं तरी आवाज राहतो. व्हिडिओ८ मधे आवाज चित्राच्याच हेडनं चित्रासोबत लिहिला जातो. दोन्ही एकदम गेले म्हणजे हेडवर काहीतरी बसलंय. मी मात्र आधी केबल हलवली, मग पट्टीच खराब असेल असं समजून दुसरी कॅसेट घातली, तिथंही बर्फच, आणि मग कुठं टॉर्च घेऊन 'रथ' ची खिडकी बघितली. गुंडाळलेल्या पट्टीच्या कडेला पीठ शिंपडल्यासारखी पांढरी बुरशी.

ही चूक माझी. १६ च्या १६ कॅसेटी टॉर्चखाली धरायला दहा मिनिटं लागली असती आणि पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. पेटी माळ्यावर होती, पावसाळ्यात पत्रा गळायचा हे अम्मांनी सांगितलेलंही होतं. सोलापूर कोरडं आहे ह्या भरवशावर मी राहिलो.

मग बाकीच्या सगळ्या बघितल्या. 'रथ' धरून चारांना बुरशी, त्यात 'कारखाना ९४' पण, तिच्या एकाच कडेला हलकीशी. हेड साफ करायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, साध्या कोऱ्या कागदाची घडी त्यात भिजवून ड्रमला, म्हणजे हेड ज्यावर बसलेलं असतं त्या फिरत्या चकतीला, नुसती टेकवून धरली आणि ड्रम हातानं आडवा फिरवला. कागद वर-खाली घासायचा नाही, हेडचं टोक केसासारखं असतं, तुटलं की कॅमेरा संपला. कानातल्या काड्या पण नको, कापसाचा धागा अडकतो. कागदावर राखाडी रेघ उमटली, दुसऱ्या घडीवर फिकट, चौथी कोरी निघाली. तासभर वाळू दिला आणि फरशीची कॅसेट लावली, फरशी परत जशीच्या तशी.

बुरशीच्या चार कॅसेटी

आता क्रम ठरवायचा होता, आणि ह्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो. आधी उरलेल्या सगळ्या स्वच्छ कॅसेटी संपवल्या, म्हणजे पुढं यंत्राला काही झालं तरी तेवढं पदरात. त्यानंतर चारांतली पहिली कुठली? थोरल्याचं म्हणणं, नान्नाची सगळ्यात शेवटी ठेवा, आधी बाकीच्या तिघींवर हात बसू द्या. मला पटत होतं, पण त्या तिघींवर बुरशी जास्त होती आणि प्रत्येकीनंतर हेड परत घाण होणार. शेवटी मधला मार्ग काढला, हात बसवायला साफसफाई 'रथ' वर करायची, पण यंत्रात पहिली जाईल ती 'कारखाना', नुकत्याच साफ केलेल्या हेडवर.

चारी कॅसेटी आठवडाभर बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवल्या, उन्हात नाही. मग संध्याकाळी गच्चीवर, तोंडाला मास्क लावून, छोटे स्क्रू काढून कॅसेट उघडायची आणि चष्मा पुसायच्या कोरड्या मऊ कापडाच्या घडीतनं पट्टी हळूहळू एका चाकावरनं दुसऱ्यावर घ्यायची. ९० मिनिटांच्या कॅसेटमधे १०० मीटरच्या वर पट्टी असते. थोरला चाक फिरवायचा आणि मी कापड धरायचो, दर मीटरभरानं कापडाची नवी जागा. तो लहानपणी कारखान्यात दोऱ्याच्या कांड्या भरायचा, त्यामुळं त्याच्या हाताला ताण बरोबर कळत होता, मला दोनदा म्हणाला, "सैल सोडा दादा, ताणू नका, तुटंल." पट्टीला अल्कोहोल लावलं नाही. साफ केलेली गुंडाळी नव्या कोऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली.

चुरगळलेली वीतभर पट्टी कापून जोड द्यावा का हाही प्रश्न होता. जोडाची कड फिरत्या हेडला लागली तर हेड तुटू शकतं, म्हणून न कापता बोटानं जमेल तेवढी सपाट केली आणि साध्या वेगानं वाजू दिली, तिथं पुढं-मागं अजिबात नाही.

'कारखाना ९४' रात्री साडेनऊला लावली. थोरला, अक्का आणि तो पोरगा तिघं मागं उभे. नान्ना पांढऱ्या बनियनमधे, धोतर, कानामागं पेन्सिल, एका हातानं मागाचा दांडा धरून तेलुगू-मराठी मिसळून सांगतायत, हा ताणा, हा बाणा, फणी अशी ठोकते, जेकार्डचे पत्ते असे फिरतात म्हणून चादरीवर मोर उमटतो. बावन्नाव्या मिनिटाला चित्र फाटलं, ११ सेकंद नुसते पट्टे आणि खरखर, मग परत आलं.

एडिटिंग

ते ११ सेकंद कुठनं आणायचे? पोरगा हळूच म्हणाला, ती जुनी फाइल मी डिलीट केली नव्हती. पट्टी गुंतली ती त्या भागाचं रेकॉर्डिंग झाल्यावर, म्हणजे त्याच्या त्या फाइलमधे ते ११ सेकंद शाबूत होते. चित्र मऊ, रंग जरा हिरवट, पण नान्ना कॅमेऱ्याकडं बघून नातवाला हाक मारतात ते नेमकं तिथं. तो तुकडा कापला, आवाज ओठांना हातानं जुळवला, एवढ्याशा तुकड्यात सरकासरकी जाणवत नाही, रंग बाजूच्या शॉटला मिळवून बसवला. बघणाऱ्याला कळतं की तिथं चित्र बदललं, पण हाक ऐकू येते.

दुसरा विषय फील्डचा. जुन्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत, म्हणजे दोन फील्डमधे असते, आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. जुन्या टीव्हीवर ते बरोबर दिसायचं, कॉम्प्युटरवर हलणाऱ्या गोष्टीच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. एडिटिंग सॉफ्टवेअरचा साधा उपाय म्हणजे दोन अर्धी मिसळून २५ फ्रेम करणं, मी पहिल्यांदा तेच केलं आणि मागावरचा धोटा गायब झाला. ह्या टोकाकडनं त्या टोकाला जाणारा धोटा, त्याच्या जागी नुसता पांढरट फराटा. मग डीव्हीच्या फाइली क्यूटीजीएमसी नावाच्या, अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणाऱ्या फिल्टरमधनं काढून सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम केल्या, आणि हो, डीव्हीमधे खालचं फील्ड आधी असतं, ते उलटं दिलं तर धोटा दोन पावलं पुढं एक मागं असा उड्या मारतो. ५० फ्रेमला तो सरसर गेला, कांडीवरचा लाल दोरा पण दिसला. कॉम्प्युटर रात्रभर चालला त्याला, पण चालू द्यावा.

आवाजाचं म्हणाल तर मागाची खटखट काढून नान्नांचा आवाज मोकळा करायचा प्रयत्न केला. खटखट गेली आणि आवाज हौदातनं आल्यासारखा झाला, शब्दांची शेवटची अक्षरं खाल्ली गेली. परत मूळ आवाज ठेवला, फक्त बोलण्याच्या जागी थोडा उचलला आणि खाली मराठी ओळी टाकल्या, कारण हॉलमधे येणाऱ्या सगळ्यांना तेलुगू येत नाही.

थोरल्याचा हट्ट होता की पडदा पूर्ण भरला पाहिजे. ताणून दाखवलं, नान्ना रुंद झाले, वर-खाली कापून दाखवलं, पेन्सिल गेली. मग जुना ४:३ आकारच ठेवू म्हणाला, बाजूला काळं राहू दे.

हाती काय आलं

१६ पैकी १४ कॅसेटी कॉम्प्युटरवर आल्या, साधारण १७ तास, २२० जीबीच्या आसपास. बुरशीच्या चारांपैकी एक, 'अक्कलकोट', पट्टीचे थर एकमेकांना चिकटलेत, उलगडायला गेलो तर वरचा थर निघून यायला लागला, तिथंच थांबलो. ती सिलिका जेलच्या डब्यात आहे, लॅबला द्यायची तर आता अम्मांची तयारी आहे. अमेरिकेची एनटीएससी ह्या कॅमेऱ्यावर नीट दिसत नाही, तिला तिकडचा कॅमेरा लागणार, चुलतभावाकडं चौकशी चालू आहे. डीव्हीच्या मूळ फाइली न छेडता दोन ड्राइव्हवर ठेवल्या, एक इथं, एक अक्काकडं पुण्यात.

आता केलं तर

सगळ्या कॅसेटी आधी टॉर्चखाली. बुरशीची एकही त्या दिवशी यंत्राजवळ नाही. फरशीसारखी एक बिनकामाची कॅसेट पूर्ण ९० मिनिटं चालवून मगच पुढं, त्यात ड्राइव्ह, टीबीसी, आवाज सगळं कळतं. घरच्यांना पहिल्या फोनवरच सांगेन की काहीही वाजवून बघू नका, आणि आधीच वाजवलं असेल तर ती फाइल कितीही वाईट असली तरी जपा, मी ती बघितल्याशिवाय तर सोडाच, बघितल्यावरही डिलीट करायला सांगणार नाही.

हाय८ च्या चार कॅसेटींबद्दल मनात रुखरुख आहे. त्या एस-व्हिडिओनं आणि चांगल्या कार्डवर घेतल्या असत्या तर रात्रीच्या दारूकामाचे रंग कदाचित अजून खुलले असते. सामान जमलं तर त्या परत घेईन, पैसे न घेता, तसं थोरल्याला सांगितलंय.

आणि एक गोष्ट मी सुरुवातीलाच सुचवायला हवी होती ती आता सुरू झालीये. चाळीस मिनिटांची फिल्म झाली, पण उरलेल्या सोळा तासांत कितीतरी माणसं अशी आहेत जी फक्त अम्माच ओळखतात. सून दुपारी जेवणं झाली की लॅपटॉप लावते, अम्मा बघत बघत सांगतात, ही येमुलवाड्याची आत्या, हा जॉबर (माग दुरुस्त करणारा), हे शेजारचं पोरगं, आणि ती वहीत मिनिट, सेकंद आणि नाव लिहून घेते. काल फोन आला होता, सहा कॅसेटी लिहून झाल्यात.